पाठदुखी, ताठ बैठक आणि एका तासाची टेस्ट राइड

ताठ बसून चालवता येईल आणि तरीही वळणावर चपळ असेल अशी मोटारसायकल निवडायला मला एकूण अकरा आठवडे लागले. त्यांपैकी पाच आठवडे एकाच मागणीपायी गेले. मागणी इतकीच होती, की शोरूमने मला पसंत पडलेली एक गाडी एक तास चालवू द्यावी आणि त्याआधी तिचे मागचे सस्पेन्शन माझ्या वजनाप्रमाणे लावून द्यावे. त्या पाच आठवड्यांचा राग अजून पुरता गेलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझ्या कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली चकती सरकलेली आहे आणि दुखणे वाढले की डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत मुंग्या येतात. पूर्वीची गाडी क्लिप-ऑन हँडलची, पूर्ण वाकून चालवायची होती, ती निदान झाल्यावर विकावी लागली. पंधरा महिन्यांच्या व्यायामानंतर डॉक्टरांनी पुन्हा गाडी चालवायला परवानगी दिली आणि बैठकीचे शास्त्र मला फिजिओथेरपिस्ट ताईंनी समजावले. स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नॅकेमसन यांनी १९६० च्या दशकात चकतीमध्ये सुई घालून आतला दाब प्रत्यक्ष मोजला होता आणि उभे राहण्यापेक्षा पुढे वाकून बसल्यावर तो जास्त असतो, असे त्यांना आढळले होते. त्यामुळे ताईंचा आग्रह असा होता, की झुकायचेच असेल तर ते खुब्याच्या सांध्यातून झुकावे, कमरेतून कधीही नाही.

यावरून पाठ जितकी सरळ तितकी गाडी चांगली, असा निष्कर्ष मीही आधी काढला होता आणि तो चुकीचा निघाला. अगदी खांबासारखे ताठ बसले की खड्ड्याचा धक्का सीटमधून थेट मणक्यांच्या रांगेत वर चढतो. तेच थोडे पुढे झुकलेले असले आणि पाय खुब्याच्या खाली किंवा किंचित मागे असले, की खड्डा दिसताच गुडघ्यांवर भार देऊन सीटवरून बोटभर उठता येते. क्रूझर गाड्यांमध्ये पाय पुढे पसरलेले असल्यामुळे हे जमतच नाही, म्हणून त्या दिसायला कितीही आरामशीर असल्या तरी मी त्या पहिल्याच दिवशी बाजूला ठेवल्या. राहिल्या त्या नेकेड, म्हणजे पुढे वारा अडवणारे आवरण नसलेल्या, आणि लांबच्या प्रवासासाठीच्या, उंच हँडलच्या स्पोर्ट्स-टूरर गाड्या. कावासाकी वर्सिस ६५० वरची बैठक मला फार आवडली होती, परंतु तिचे वजन २१५ किलोंहून अधिक आणि माझे ५८. उतारावर लावलेली गाडी मागे ओढताना कंबर पिळवटते आणि माझे दुखणे पूर्वी नेमके अशाच एका क्षणी उसळले होते. गाडी निवडताना ती चालवण्याइतकाच ती ढकलण्याचाही विचार पाठीच्या रुग्णाने करावा, हे मी वर्सिसपाशी शिकले.

त्यानंतर एका गाडीवर मन बसले. तिचे नाव लिहीत नाही, कारण पुढे जे घडले त्यात दोष गाडीचा कमी आणि शोरूमचा अधिक होता.

पहिल्या भेटीत सगळे उत्तम झाले. मी पंधरा मिनिटे गाडीवर नुसती बसून राहिले. (गाडी साइड स्टँडवर असताना असे बसू नये. ती डावीकडे कललेली असते, त्यामुळे कंबरही वाकडी राहते आणि बैठकीचा अंदाज चुकतो. कोणाला तरी गाडी सरळ धरून ठेवायला सांगावे.) हँडल हाताशी येत होते, कोपरे सैल राहत होती, गुडघ्यांत टाकी नीट धरता येत होती. मग टेस्ट राइड झाली. ठरलेला रस्ता चार किलोमीटरचा, नवा डांबरी, मधे एकच गतिरोधक. नऊ मिनिटांत मी परत आले तेव्हा इतक्या महिन्यांनी वळण घेतल्याच्या आनंदात होते आणि त्याच दिवशी पैसे भरायला तयार होते. मला थांबवले ते त्या एका गतिरोधकाने. त्यावरून जाताना सीटखालून बसलेला दणका मानेपर्यंत आला होता.

मी सेल्समनला हे सांगितले. तो म्हणाला, “मॅडम, गाडी नवीन आहे. हजार किलोमीटर झाले की सस्पेन्शन आपोआप मऊ होतं.” नव्या सस्पेन्शनमधला सुरुवातीचा, घर्षणामुळे येणारा ताठरपणा थोडा कमी होतो, इतके त्यात तथ्य आहे. परंतु स्प्रिंगवर आधीपासून दिलेला ताण, ज्याला प्रीलोड म्हणतात, तो किलोमीटर वाढले म्हणून कमी होत नाही. तो पाना घेऊन कोणीतरी कमी करावा लागतो. मी तसे म्हटल्यावर त्याने पाठीचे संरक्षक कवच घ्यायला सुचवले. ते कवच अपघातासाठी असते. ईएन १६२१-२ या मानकाच्या दुसऱ्या पातळीचे कवच ठरावीक आघातातून सरासरी ९ किलोन्यूटनपर्यंतच बल पलीकडे जाऊ देते, म्हणून ते जरूर घालावे आणि मीही घालते. पण खालून, सीटमधून येणाऱ्या धक्क्याशी त्याचा काहीही संबंध नाही आणि दुखण्यावरचा उपाय म्हणून ते रुग्णाला विकू पाहणे मला अतिशय अयोग्य वाटले.

मी लेखी अर्ज दिला. त्यात वजन ५८ किलो, दुखण्याचे स्वरूप आणि दोन विनंत्या लिहिल्या. मागच्या शॉकअपचा प्रीलोड कमी करावा आणि खराब रस्ता असलेल्या मार्गावर एक तास गाडी चालवू द्यावी. सोबत शोरूमचा कर्मचारी दुसऱ्या गाडीवर येणार असेल तर माझी हरकत नाही, इंधन मी भरेन, हेही लिहिले. पुढच्या आठवड्यात उत्तर आले, की डेमो गाडी एका कार्यक्रमासाठी बाहेर गेली आहे. दुसऱ्या आठवड्यात मी ठरल्या वेळी गेले तेव्हा बॅटरी उतरलेली होती. तिसऱ्या आठवड्यात मॅनेजर म्हणाले, की ठरलेला मार्ग सोडून गाडी देण्याचा अधिकार त्यांना नाही. तो कोणाला आहे, या प्रश्नावर “वर विचारतो” एवढेच उत्तर मिळाले. चौथ्या आठवड्यात माझा अर्जच सापडेना. मी प्रत ठेवली होती, ती दिली. दरम्यान त्याच शोरूममधून मला दोनदा फोन आले, ते मात्र बुकिंगची रक्कम केव्हा भरता हे विचारण्यासाठी. पंधरा मिनिटे काउंटरपाशी उभे राहिले तरी ज्या माणसाचा पाय बधिर होतो, त्याला अशा चार फेऱ्या किती महाग पडतात याची कल्पना त्या काउंटरच्या पलीकडे कोणाला असावी असे मला वाटले नाही.

मार्ग निघाला तो मागच्या दाराने, म्हणजे वर्कशॉपमधून. पाचव्या आठवड्यात मी विक्री विभागात न जाता थेट तिथल्या मुख्य मेकॅनिकना भेटले. वयाने ज्येष्ठ, मितभाषी गृहस्थ होते. मी म्हटले, “काका, मला फक्त सॅग मोजून हवा आहे.” गाडीवर स्वार बसल्यावर सस्पेन्शन जितके दबते, त्या मापाला सॅग म्हणतात. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि टेप आणायला सांगितले. दोघांनी गाडी मागून उचलून चाक अधांतरी केले आणि चाकाच्या आसापासून शेपटाच्या पॅनेलवर चिकटवलेल्या पट्टीपर्यंतचे अंतर घेतले, ते ५६२ मिलिमीटर भरले. मग मी हेल्मेट-जॅकेटसह बसले, पाय फूटरेस्टवर ठेवले, एकाने गाडी तोलून धरली आणि पुन्हा माप घेतले, ते ५४३ आले. म्हणजे सॅग केवळ १९ मिलिमीटर होता. रस्त्यावरच्या गाडीला साधारण ३० ते ४० मिलिमीटर असावा लागतो. काकांनी वाकून शॉकअपवरची कडी पाहिली तर ती सातपैकी पाचव्या टप्प्यावर होती. त्या कार्यक्रमात गाडीवर दोघे-दोघे बसवून फेऱ्या मारल्या होत्या, म्हणून कोणीतरी ती घट्ट केली असणार, असे ते म्हणाले. माझी पहिली फेरी कार्यक्रमाच्या आधीची होती आणि दणका तर तेव्हाही बसलाच होता, म्हणजे गाडी त्याही आधीपासून तशीच होती. काकांनी सी-स्पॅनर कडीच्या खाचेत अडकवला, तीन टप्पे मागे घेतले, पुन्हा मापले आणि माप ५३१ आले, म्हणजे सॅग ३१. या सगळ्याला दहा मिनिटेही लागली नाहीत. ज्या कामासाठी मी चार वेळा परत गेले होते, ते काम एवढेच होते.

काकांनीच रदबदली केल्यामुळे मला त्या दिवशी पन्नास मिनिटे गाडी मिळाली आणि मी ती मुद्दाम उखडलेल्या रस्त्यावर नेली. धक्का खरोखरच निम्म्यावर आला होता. परंतु पस्तिसाव्या मिनिटाला डाव्या अंगठ्यात ओळखीच्या मुंग्या सुरू झाल्या. गाडी थांबवून मी कारण शोधले. सीटला पुढच्या बाजूला उतार होता. प्रत्येक ब्रेकबरोबर मी थोडी टाकीकडे घसरत होते, घसरले की ओटीपोटाचे हाड मागे कलत होते आणि कमरेचा बाक उलटा, बाहेरच्या बाजूला फुगत होता. दर काही मिनिटांनी मी नकळत स्वतःला मागे सरकवत होते. नऊ मिनिटांच्या फेरीत, सपाट रस्त्यावर, ही गोष्ट कोणालाही समजली नसती. मी ती गाडी घेतली नाही. मॅनेजर नाराज झाले, एवढी सवलत देऊनही नकार दिला असे म्हणाले. मला त्याचे वाईट वाटले नाही. त्या पन्नास मिनिटांनी पुढच्या कित्येक वर्षांचे दुखणे वाचवले, याचा मला अभिमान आहे आणि काकांविषयी मनापासून कृतज्ञता आहे.

इतरांना मी म्हणूनच सांगते, की हवे ते मॉडेल कुठे एक दिवसासाठी भाड्याने मिळत असेल तर शोरूमच्या दारात उभे राहण्याआधी तेच करावे. मला हे उशिरा सुचले. यामाहाची एमटी-०७ मी तशीच, भाड्याने घेऊन, दिवसभर चालवली आणि शेवटी तीच विकत घेतली. ६८९ सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन, सुमारे १८४ किलो वजन आणि ८०५ मिलिमीटरची अरुंद सीट, त्यामुळे दोन्ही पाय जमिनीवर टेकतात आणि गाडी मागे घेताना कंबर वाकवावी लागत नाही. तिचे मूळ सस्पेन्शन वजनदार आणि वेगवान स्वारांना मऊ वाटते, पण तोच मऊपणा ५८ किलोंच्या माणसाला लाभतो.

इंजिनच्या कंपनाविषयी मला अनेक जण विचारतात. मिनिटाला ४००० फेऱ्यांवर इंजिन सेकंदाला सुमारे ६७ वेळा फिरते. इतके जलद कंपन हातापायांना झिणझिण्या आणते, मणक्याला त्याचा त्रास कमी असतो. बसलेल्या शरीराला वर-खाली होणारी, सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळांची हालचाल सर्वांत अधिक बाधते आणि ती इंजिनमधून नाही, तर रस्त्यातून, टायर आणि सस्पेन्शनमधून येते. म्हणून टायरमधली हवा थंड टायरवर मोजून कंपनीने सांगितली तेवढीच ठेवावी. जास्त हवा भरून ‘ॲव्हरेज’ वाढवण्याचा मोह पाठ बरी नसलेल्यांनी टाळावा.

वाऱ्याचे राहिलेच. नेकेड गाडीवर ताशी ८० पर्यंत काही जाणवत नाही, पण वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे १०० ऐवजी १२० ला तो जवळजवळ दीडपट होतो. छातीवरचा तो रेटा पेलण्यासाठी आपण हँडल ओढून धरतो, पोटाचे स्नायू थकतात आणि मग कमरेवर ताण येतो. मी लहान विंडस्क्रीन बसवली. हँडल उंच करणारे रायझर मात्र घेतले नाहीत. रायझर लावण्याआधी हँडल पूर्ण डावीकडे-उजवीकडे वळवून क्लच केबल आणि ब्रेकची नळी ताणत नाही ना, हे पाहावेच लागते. माझे काम हँडलच्या क्लॅम्पचे बोल्ट सैल करून ते किंचित मागे फिरवल्यानेच झाले. तेवढ्यानेही खांदे खाली आले. सरळ हँडलवर लीव्हरचा कोनही मग पुन्हा जुळवावा, नाहीतर मनगट दुखते.

आता दर पंचेचाळीस मिनिटांनी मी उतरते आणि पाच मिनिटे चालते. गाडीवर चढताना पाय मागून फेकण्याऐवजी डाव्या फूटरेस्टवर उभी राहून पाय ओलांडते, म्हणजे कमरेला पीळ बसत नाही. साइड स्टँड भक्कम जमिनीवर आहे ना, एवढे आधी पाहते.

प्रीलोडची कडी कोणत्या टप्प्यावर आहे, तिथे मी पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला आहे. पहिल्या सर्व्हिसिंगनंतर गाडी घ्यायला गेले तेव्हा ठिपका दोन खाचा पुढे सरकलेला होता, बहुधा धुऊन पुसताना कोणी तरी ‘नीट’ करून ठेवले असावे. मी डिकीतला सी-स्पॅनर काढला, कडी पूर्ववत केली आणि मगच पावतीवर सही केली.