ओल्या मातीत सुकलेली वांगी

पोळ्याची सुट्टी संपून शाळा भरली, त्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर चौथीची दोन मुलं धापा टाकत आली. "सर, पहिल्या वाफ्यातली वांगी झोपली!" मी परसबागेत पोचेपर्यंत चार जणांनी बादल्या भरूनही आणल्या होत्या. पाणी ओतू दिलं नाही, एवढंच त्या क्षणी सुचलं. बाकी सगळं पुढच्या तीन तासांत मुलांनीच शोधलं.

आमची जिल्हा परिषदेची शाळा अमळनेर तालुक्यात, पट ८६. परसबागेत भरताच्या वांग्यांचे दोन वाफे. प्रत्येक ३ मीटर लांब, १ मीटर रुंद, दोन ओळींत १२ रोपं. भरताच्या वांग्याला ही लागण दाटच झाली, पण जागा तेवढीच होती. रोपं एकाच गादीवरची, लावलेली एकाच दिवशी. दुसऱ्या वाफ्यातली बाराही ताठ उभी आणि पहिल्यातली सात माना टाकून. पाऊस आठ दिवस उघडलेला, ऊन चटका देणारं. त्यामुळे "पाणी कमी पडलं" हे सगळ्यांचं एकमुखी उत्तर होतं.

वांगं सुकण्याची कारणं चार-पाच असतात आणि लांबून सगळी सारखीच दिसतात. म्हणून एकेक कारण तपासून बाजूला काढायचं ठरवलं. नुसता उन्हाचा ताण असेल तर झाड दुपारी मलूल होतं आणि सकाळी टवटवीत दिसतं. मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, सकाळी झाडताना बघितली तेव्हाही अशीच होती. म्हणजे ऊन नव्हे. शेंडे पोखरणारी अळी असेल तर फक्त शेंडा लोंबतो, खालची पानं चांगली राहतात, आणि शेंडा मोडला की आत बोगदा आणि अळीची विष्ठा सापडते. मुलांनी सातही झाडांचे शेंडे चाचपले. एकालाही छिद्र नव्हतं.

मग माती. वरचा थर वाळून भेगाळला होता आणि सगळे फसले ते तिथेच. खुरप्याने वीतभर खोल उकरायला लावलं आणि तिथली माती मुठीत दाबायला सांगितलं. ढेकूळ फुटून भुगा झाला तर पाणी हवं. गोळा होऊन बोटांना चिकटला तर नको. चौथीतली एक मुलगी मूठ उघडून बघतच राहिली. "सर, माटी तं वलीच शे!" ओली तर होतीच, वर गटारासारखा वास मारत होती. दुसऱ्या वाफ्यातली माती दाबल्यावर गोळा झाली, पण टिचकी मारताच फुटली, आणि तिला पहिल्या पावसाच्या मातीचा वास होता.

एक सुकलेलं आणि एक निरोगी झाड मुळासकट काढलं. ओढून काढायचं नाही, बारीक मुळं मातीतच तुटून राहतात. चारी बाजूंनी वीतभर अंतरावर कुदळीने सैल करून ढेकळासह उचलायचं आणि बादलीत बुडवून माती विरघळू द्यायची. मग दोन्ही मुळं जेवणाच्या दोन ताटल्यांत मांडली. निरोगी झाडाची मुळं दुधी रंगाची, ताणली तर टचकन तुटणारी, टोकांना केसासारखे तंतू. सुकलेल्याची तपकिरी-काळी, मऊ. त्यातलं एक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढलं, तर सदऱ्याची बाही सरकावी तशी साल निघून आली आणि आत नुसता दोरा उरला. प्रत्येकाला एकेक मूळ ओढायला दिलं. त्यानंतर "मूळकूज" हा शब्द फळ्यावर लिहिला.

तरीही एक शंका उरत होती. वांग्यावर जिवाणूंमुळे येणारा मर रोगही झाड असंच आडवं करतो आणि तो मातीतूनच पसरतो. तो असता तर त्या वाफ्यात पुढे वांगी, टोमॅटो, मिरची काहीच लावता आलं नसतं. त्याची परीक्षा शाळेतही होते. खोडाचा बुंध्याजवळचा बोटभर तुकडा ब्लेडने स्वच्छ कापायचा (हे काम मोठ्यांनी करावं), दोऱ्याला बांधायचा आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात खालचं टोक जेमतेम बुडेल असा टांगायचा. ग्लासमागे काळी पाटी धरायची. रोग असेल तर काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाच्या बारीक धारेसारखा पांढरा धागा खाली उतरतो. ग्लास हलला तर धागा मोडतो. पस्तीस मुलं टेबलाभोवती दहा मिनिटं श्वास रोखून उभी होती. धागा उतरला नाही. पहिला तुकडा वरून कापला गेला असेल या शंकेने आणखी दोन झाडांचे तुकडे टांगले. पाणी तिन्ही ग्लासांत नितळ राहिलं.

म्हणजे झाडं पाण्यानेच मेली होती. आपली काळी जमीन भिजली की फुगते, कणांमधल्या फटी बुजतात. मुळांना हवा मिळेनाशी झाली की ती कुजू लागतात, त्यात बुरशी शिरते आणि कुजकं मूळ पाणी वर चढवू शकत नाही. झाड पाण्यात उभं राहून तहानेने मरतं. आपण त्याला आणखी पाणी घालतो.

पण पाणी आलं कुठून? मुलं तर पाळीने दिवसाआड एकच बादली घालत होती. ताट धुण्याच्या नळापासून निघालेला चर थेट पहिल्या वाफ्यात जात होता. जूनमध्ये "सांडपाण्याचा पुनर्वापर" शिकवताना तो आम्हीच खणून घेतला होता आणि त्याचं कौतुकही झालं होतं. एक थेंब वाया जात नव्हता, हे खरंच होतं. फक्त तो किती आहे हे कोणी मोजलं नव्हतं.

मग मोजलं. पंधरा लिटरची बादली नळाखाली ठेवून दहा मुलांना हात आणि ताट धुवायला लावलं. बादली काठोकाठ भरली. म्हणजे मुलामागे दीड लिटर, ८६ मुलांचं १२९ लिटर. हा आकडा चौथीच्या मुलांना पोहोचत नाही. म्हणून ओट्यावर विटा मांडून एक मीटर लांब-रुंद चौकट केली, आत प्लास्टिकचा कागद अंथरला आणि दहा लिटर पाणी ओतलं. पट्टी उभी केली. एका कोपऱ्यात ९ मिलिमीटर, समोरच्यात ११, कारण ओट्याला उतार आहे. मध्यावर बरोबर १० भरलं. एका चौरस मीटरवर एक लिटर म्हणजे एक मिलिमीटर पाऊस, हे तिथे डोळ्यांना दिसलं. वाफ्यात असे तीन चौकोन. १२९ भागिले ३, दिवसाला ४३ मिलिमीटर. जळगाव जिल्ह्यात वर्षभराचा पाऊस सुमारे ७०० मिलिमीटर. सतरा दिवसांत त्या एका वाफ्यावर वर्षाचा पाऊस पडत होता. निम्मं पाणी चरातच जिरलं असं धरलं तरी महिनाभर, तेही खऱ्या पावसाच्या वर. उन्हाच्या दिवसांत वांग्याला रोज पाचेक मिलिमीटर पुरतात.

चर त्याच दुपारी बुजवला. पुढच्या आठवड्यात पाणी वळवलं कर्दळ आणि अळूकडे. ही दोन्ही झाडं पायाशी सतत ओल असली तरी तग धरतात. शोषखड्ड्याचा आग्रह पुष्कळ जण करतात, पण चिकण काळ्या जमिनीत खड्डा लवकर तुंबतो आणि डासांची पैदास होते. त्यापेक्षा लांब उथळ चर आणि पाणी पिणारी झाडं बरी. नळाखाली शितं अडवायला पिठाची चाळणी लावली, ती दोन दिवसांत बुजली. मग खडीची बादली ठेवली, तळाला छिद्रं पाडून वर मोठ्या भोकांची तारेची जाळी. जाळीवरची शितं रोज काढावीच लागतात, नाहीतर उंदीर येतात.

वाफ्यातली मेलेल्या झाडांची जागा मोडून तिथे वीतभर उंच गादीवाफा केला. "वाळू मिसळा" हा सल्ला गावातून आला, पण काळ्या मातीत चार घमेली वाळूने काही होत नाही, तिला वाळू ढिगाने लागते. भुसभुशीतपणा कुजलेल्या खताने येतो. दहा किलो मुरलेल्या शेणखतात १०० ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणाऱ्या उपयोगी बुरशीची पावडर) मिसळून, ओलसर पोत्याखाली सावलीत आठवडाभर ठेवलं आणि मग मातीत कालवलं. पावडर मुलांच्या हाती दिली नाही. त्या जागी या हंगामात नवं वांगं नाही, मेथी पेरली.

वाचलेल्या पाच झाडांतलं एक पुढे गेलंच. उरलेल्या चारांची मुळं वाचली. दिवाळीनंतरच्या पहिल्या मोठ्या तोड्याला दोन्ही वाफे मिळून ३ किलो ४०० ग्रॅम वांगी निघाली. पोषण आहारात प्राथमिकच्या मुलामागे ५० ग्रॅम भाजी धरतात, म्हणजे ८६ मुलांना ४ किलो ३०० ग्रॅम. मुलांनी वजाबाकी फळ्यावर केली आणि कमी पडलेल्या ९०० ग्रॅमची वांगी मावशींनी बाजारातून आणली. फळ्याच्या कडेला आता रोज दोन आकडे असतात, आज पडलेला पाऊस आणि आज दिलेलं पाणी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. आकडे लिहायच्या आधी वीतभर उकरून मूठ दाबायचं काम पाळीने दोघांकडे असतं.