जीपचे फिटनेस झाले

आठ वर्षांहून जुन्या व्यावसायिक वाहनाचे फिटनेस प्रमाणपत्र दरवर्षी नव्याने घ्यावे लागते, म्हणून शहाद्याहून तोरणमाळच्या घाटात प्रवासी नेणारी आमची फोर-व्हील-ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनाचा जोर देता येणारी) जीप आज तपासणीस नेली. पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे पुढच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या दांड्याचा, ढिला क्रॉस (सांधा) आणि जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या ट्रान्सफर केसचे पाझरणारे सील आदल्या आठवड्यातच बदलून घेतले होते. खरी धाकधूक ब्रेक तपासणाऱ्या रोलरची होती; त्यावर एका वेळी पुढची किंवा मागची दोनच चाके ठेवून फिरवतात. कारण फोर-व्हील चालू राहिली, तर रोलरवरच्या चाकांचा जोर जमिनीवरच्या चाकांकडे जातो आणि गाडी रोलरवरून पुढे सरकू शकते. त्यामुळे लिव्हर टू-व्हीलवर असल्याची मी तीनदा खात्री केली. (गॅरेजवाले आप्पा हसले, हसोत बापडे.) हँडब्रेक मात्र अगदी काठावर उत्तीर्ण झाला, त्याची केबल पावसाळ्याआधी बदलणार आहे.