तेवढ्याच मोठ्या अक्षरात

१९८१ साली, नववीत असताना, व्हरांड्यातल्या भित्तिपत्रकाचा मी संपादक होतो. संपादक म्हणजे काय, तर ज्याचं अक्षर बरं तो. त्या मे महिन्यात शाळेच्या शाकारणीसाठी आणलेली मंगलोरी कौलं कमी भरल्याची कुजबुज शाळा उघडल्या उघडल्या सुरू झाली. मागच्या बाकावरच्या दोघांनी मला सांगितलं की शिपाईमामांच्या पडवीवर यंदा कौलं चढलीत. झालं! सोमवारी लाल शाईत मथळा झळकला, ‘शाळेची कौलं कुणाच्या पडवीवर?’ नाव लिहिलं नव्हतं. पण आमच्या वाडीत त्या वर्षी पडवी शाकारलेली माणसं असून असणार किती!

मधल्या सुट्टीत मामांनी चंचीतून घडी घातलेली पावती काढली आणि काही न बोलता हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवली. टवके उडालेली, शाळेनं बाजूला काढलेली कौलं त्यांनी रीतसर पैसे भरून घेतली होती.

इतिहासाच्या सरांनी मला बोलावलं. मी आधीच घाईघाईनं सुरुवात केली, “सर, मला त्या दोघांनी...”

“नावं नकोत. लिहिलं कुणी?”

“मी.”

“मग ती दोघं मध्ये कशाला आली?”

आणि छडी घेण्याऐवजी सरांनी गोपाळ कृष्ण गोखल्यांची गोष्ट सांगायला घेतली. (छडी परवडली असती, असं तेव्हा वाटलं होतं.) गोखले आमच्याच गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचे, एवढं आम्हाला पाठ होतं. गणिताचं उत्तर दुसऱ्याच्या मदतीनं आलं म्हणून वर्गात रडलेला मुलगा, हेही पुस्तकात होतं. सरांनी सांगितलं ते मात्र पुस्तकात नव्हतं.

१८९७ साली गोखले हिंदुस्थान सरकारच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला विलायतेत गेले होते. वय एकतीस. तिकडे पुण्यात प्लेग, घरोघर गोऱ्या सोल्जरांची झडती. पुण्याहून गेलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी तिथल्या वर्तमानपत्राला सांगितलं की सोल्जरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले आणि त्यातल्या एकीनं जीव दिला. मोठा गहजब झाला. परत येऊन पाहतात तो पुरावा द्यायला कुणी पुढे येईना. गोखल्यांनी पत्रं लिहिणाऱ्यांची नावं सरकारला सांगितली नाहीत. सगळा दोष स्वतःकडे घेतला आणि गव्हर्नरापासून सोल्जरांपर्यंत सगळ्यांची जाहीर माफी मागितली. इकडे आपल्याच लोकांनी त्यांना भेकड ठरवलं.

आमचे सर टिळकांचे भक्त. घरी ओटीवर टिळकांची भली मोठी तसबीर. गोखल्यांच्या मवाळपणावर ते वर्गात यथेच्छ तोंडसुख घेत. त्या दिवशी मात्र म्हणाले, “मला त्या माफीचा अजून राग येतो. पण नावं सांगितली नाहीत ना, तिथे मी त्या माणसाला हात जोडतो.”

मला आज विचाराल तर माझंही तेच मत आहे. झडतीच्या नावाखाली पुण्यात घरं उसकटली गेली, लोकांचे हाल झाले, हे खोटं नव्हतं. एक आरोप सिद्ध झाला नाही म्हणून सरसकट सगळ्यांपुढे मान तुकवायला हवी होती, असं मला वाटत नाही. पण आपल्या शब्दाची जबाबदारी माहिती देणाऱ्यावर न ढकलणं ही वेगळी गोष्ट. पुढे मी पाच वर्षं गावचा सरपंच होतो. ग्रामसभेत “मला अमक्यानं सांगितलं” असं जिभेवर आलं की सरांचं “लिहिलं कुणी?” आठवायचं. दर वेळी गिळलं, असं म्हणणार नाही.

दहावीत सरांनी गोखल्यांच्या शिक्षणाच्या बिलावर अख्खा तास घालवला. परीक्षेला त्याला दोन मार्क होते. १९११ साली मांडलेलं ते बिल मागणी तरी केवढी करत होतं? जिथे बरीच मुलं आधीच शाळेत जातात अशाच भागात, तेही स्थानिक मंडळाची इच्छा असेल तर, सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना शिक्षण सक्तीचं करावं, इतकंच. १९१२ च्या मार्चमध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. बिल पडणार हे गोखल्यांना ठाऊक होतं. आमच्या पिढीला देशाची सेवा अपयशातूनच करता येईल, असं ते म्हणत. “तेरा मतं!” सर फळ्यावर आकडा काढून त्याभोवती खडूनं गोल फिरवत राहिले. शिक्षणहक्काचा कायदा २०१० साली लागू झाला तेव्हा मला तो गोल आठवला. अठ्ठ्याण्णव वर्षं. सर तोवर गेले होते.

तर माझ्या माफीचं राहिलं. सरांनी सांगितलं होतं, “त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात.” मंगळवारी प्रार्थनेआधी मी तीच लाल शाई घेऊन व्हरांड्यात उभा राहिलो. लिहून मागे वळलो तर मामा घंटेचा टोल हातात घेऊन उभे. त्यांनी एकेका अक्षरावर बोट फिरवत सगळं वाचलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील.

“‘कौलं’वरचा अनुस्वार राहिला रे,” म्हणाले, आणि घंटा द्यायला गेले.