आवाज येतोय, चाक हलंना

सकाळी अकराच्या सुमाराला मामांची तीनचाकी दुकानासमोर थांबली. दिव्यांगांची हातानं फिरवायची जुनी सायकल, पुढच्या चाकात मोटर, सीटखाली 36 व्होल्टचा बॅटरी बॉक्स. मामा घरी कांड्या, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या सुताच्या नळ्या, भरून देतात. इचलकरंजीत मागाला कांडी लागते, आणि मामांना सूत आणायला-न्यायला ही गाडी लागते.

“मिस्त्री, रिव्हर्स मारला की आवाज येतोय, पण चाक हलंना,” मामा म्हणाले. “आणि नवी मोटर घातल्यापास्नं गाडी ढकलायला लई हलकी झालीया.”

दुसरं वाक्य मी कानाआड केलं. कौतुक करतायत असं वाटलं.

गावभागातला त्यांचा बोळ मी पाहिलाय. हात पसरले की दोन्ही भिंती लागतात. आत गेलेली गाडी वळत नाही, उलटीच बाहेर काढावी लागते. हाताचं पायडल उलटं फिरवलं तर फ्रीव्हीलवर नुसतं टकटकतं. म्हणजे रिव्हर्स गेला की शेजारच्या पोरांना हाका मारायच्या, आणि शाळेच्या वेळेत पोरं कुठली सापडायला?

या गाड्यांत रिव्हर्सला वेगळा गिअर नसतोच. बटण दाबलं की कंट्रोलर मोटरच्या तीन जाड वायरींत उलट्या क्रमानं करंट सोडतो. म्हणून मी आधी बटण धरलं. पावसानं त्याचे पॉइंट गंजतात, बहुतेक वेळा रोग तिथंच निघतो. बटण काढून दोन वायरी थेट जोडल्या. मोटर घुंईं करत होती, चाक ढिम्म. खरं तर तिथंच डोकं चालवायला हवं होतं. मोटर फिरतेय आणि चाक फिरत नाही, यात वायरिंगचा काय दोष? पण मीटर हातात आला की मला वायरीच दिसतात.

थ्रॉटल तपासला. सोडलेला असताना 0.8 व्होल्ट, पूर्ण पिळल्यावर साडेतीनच्या वर. बरोबर. मग हॉल सेन्सर. मोटरच्या आत चुंबक कुठं आलंय हे कंट्रोलरला कळवणारे हे तीन चिमुकले तुकडे. चाक हातानं हळू फिरवलं की प्रत्येकाच्या वायरीवर आकडा शून्याकडून पाचाकडं आणि परत, असा उड्या मारायला हवा. चाक उचलून पुढं फिरवलं. आकडा जागचा हलेना. तिन्ही वायरींवर तेच.

“तिन्ही हॉल गेलेत, मामा,” मी ठासून सांगितलं. खर्चही सांगून टाकला.

“मग पुढं कशी पळतीया?”

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. हॉल गेलेली मोटर उठताना धडधडते, जागेवर थरथरते. ही तर गुमान पुढं जात होती.

पोराला चहा आणायला पाठवलं. मीटरची टोकं अजून वायरीत खोचलेलीच होती. बसल्या बसल्या चाकाला हात लावला आणि मागं फिरवलं. जड गेलं. आतून घरघर आली आणि मीटरवरचा आकडा नाचायला लागला.

मोटर आतून गिअरची होती. लहान, वेगात फिरणारी मोटर, नायलॉनचे गिअर आणि सायकलच्या फ्रीव्हीलसारखा एकाच दिशेला धरणारा क्लच. गाडी पुढं ढकलली की चाक सुटं फिरतं, आतली मोटर झोपलेली. म्हणून हॉल गप्प, आणि म्हणूनच गाडी हलकी. रिव्हर्सला मोटर एकटीच उलटी गरगरते, क्लच चाकाला धरतच नाही. मामांची जुनी मोटर बिनगिअरची होती, दोन्हीकडं सारखी फिरणारी. 2021 च्या पुरात तिच्यात पाणी गेलं आणि कुणा दुकानदारानं ही त्यांच्या गळ्यात मारली. मोटर वाईट नाही, पण हिला रिव्हर्स नाही.

“हलकी झालीया म्हणून मी पयलंच सांगितलं न्हवं?”

“सांगितलंत, मामा.”

क्लच वेल्डिंगनं पक्का करणारे लोक आहेत. मी केला नसता. पुढं-मागं करताना बसणारा हिसका सगळा नायलॉनच्या दातांवर जातो, आणि ते किती दिवस टिकणार? जुनी मोटर माळ्यावर होती. “भंगारवाला किलोवर मागत हुता, दिली न्हाई,” मामा म्हणाले. नातवानं ती पोत्यात घालून आणली.

झाकण काढताना चुंबकांनी बोट चिमटलं, ते वेगळंच. आत गंज, बेअरिंग खडखडीत, पण वाइंडिंग, म्हणजे तांब्याच्या तारेचे वेढे, शाबूत. दोन हॉल मेलेले. तिन्ही बदलले, बेअरिंगं घातली. बसवून चाक उचललं, थ्रॉटल दिला तर चाक उलटंच फिरायला लागलं.

“आता रिव्हर्सच रिव्हर्स,” मामा हसले.

कंट्रोलरला मोटरची दिशा शिकवायच्या, लर्निंगच्या, दोन वायरी जोडून दिशा सुलटी केली. सहा वाजता मामांनी दुकानासमोर गाडी चार वेळा मागं घेतली, पाचव्यांदा उगाचच.

बिलावर तीन हॉल लिहिले होते. मामांनी कागद लांब धरून वाचला.

“सकाळी तुम्ही हॉलच म्हनला हुता की. मोटर तेवढी दुसरी निघाली.”