छोट्या रुळांकाठचा निसर्ग आणि कॅमेऱ्याची नजर

मॉडेल रेल्वेच्या, म्हणजे रेल्वेच्या छोट्या प्रतिकृतीच्या, एच-ओ प्रमाणात, म्हणजे १:८७ मध्ये, पावणेसहा फुटी माणूस जेमतेम दोन सेंटिमीटरचा होतो. त्यामुळे कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणला, तरच देखावा खरा वाटतो. इतक्या जवळून मात्र फार थोडा भाग स्पष्ट येतो आणि तो वाढवण्यासाठी भिंगाचे छिद्र अतिशय लहान केले, तर विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळेच चित्र मऊ पडते. म्हणून कॅमेरा तिपाईवर स्थिर ठेवून, फोकस टप्प्याटप्प्याने मागे सरकवत घेतलेली छायाचित्रे संगणकावर जोडणे मला सर्वांत भरवशाचे वाटते.

रुळांच्या बाजूंना गंजाचा मंद तपकिरी रंग द्यावा. माथा मात्र चकचकीतच हवा, कारण खऱ्या रुळांवरही चाके तो सतत घासतात आणि बहुतेक मॉडेलांना वीजही तेथूनच मिळते. गवत एकाच हिरव्या छटेचे कधीही नसावे.