बीटल्स फुटलेच नसते तर

काल झोप येईना म्हणून परत तोच खेळ, १९७० मध्ये बीटल्स हा ब्रिटिश बँड फुटलाच नाही असं धरायचं आणि त्यांचा १९७१चा अल्बम जुळवायचा. सप्टेंबर १९६९च्या मीटिंगची एक टेप आहे ना, त्यात जॉन लेननच सुचवतो की तो, पॉल आणि जॉर्ज या तिघांची चार-चार गाणी आणि ड्रमर रिंगोला हवी तर दोन. झालं, हाच फॉर्म्युला! जॉनचं इमॅजिन घेतलं, रिंगोचं इट डोन्ट कम ईझी घेतलं, पण घोडं अडतं जॉर्जपाशी, कारण त्याच्याकडे इतकी गाणी तुंबलेली की फुटल्यावर त्याने सरळ तीन रेकॉर्ड्सचा अल्बम काढला, मग चारात काय बसवणार? माय स्वीट लॉर्ड तर हवंच, पुढच्या तिनांवर दरवेळी गाडी अडकते. (मॅनेजरवरून झालेली भांडणं मी आधीच मिटवलीयेत, ॲलन क्लाइनला घेतलेलाच नाही!)