आधी गेटवे वाचा, चौकोन नंतर

भोसरीतल्या एखाद्या सुट्या भागांच्या कारखान्यातली माल-आवक घ्या: गेटवर चलन, मग मोजणी, तपासणी, शेवटी स्टोअरमध्ये जमा. बीपीएमएन २.० मध्ये, म्हणजे कामाचा ओघ दाखवायच्या प्रमाण चिन्हपद्धतीत, काढलेल्या आकृतीतला प्रत्येक चौकोन म्हणजे एक काम. प्रत्येक चौकोनाची एकेक रिक्वायरमेंट (सॉफ्टवेअरने काय करायला हवं याची नोंद) करून टाकणं घातक आहे. यूझर टास्कला, म्हणजे माणूस सिस्टिमवर करतो त्या कामाला, स्क्रीन लागते; सर्व्हिस टास्कला, म्हणजे आपोआप होणाऱ्या कामाला, दुसऱ्या सिस्टिमशी जोडणी; मॅन्युअल टास्कला, म्हणजे पेट्या उतरवायला, सॉफ्टवेअर लागतच नाही.

खरा ऐवज गेटवेत, म्हणजे जिथे वाटा फुटतात त्या हिऱ्याच्या आकाराच्या चिन्हात असतो. तिथे नुसतं ‘माल पास?’ लिहिलेलं असतं. चलनावर १०० नग, मोजले ९६, त्यातले ४ नापास. आता जमा किती करायचे, ९२ की ९६? परतीचं चलन कोण बनवणार? हा निर्णय ज्या आकड्यांवर होतो, ते आधीच्या कुठल्या स्क्रीनवर भरले जातात, हे गेटवेपासून उलटं मागे जात तपासा. ‘नापास नग’ हा रकानाच राहून गेल्याचं तिथे कळतं.

लेनवरून, म्हणजे कोणतं काम कोणाचं हे दाखवणाऱ्या पट्ट्यावरून, अधिकार ठरतात, म्हणून लेनला माणसाचं नाव नको, भूमिका हवी. टायमर, म्हणजे मुदत दाखवणारं घड्याळाचं चिन्ह, दिसला की विचाराच: २४ तास घड्याळाचे की कामाचे? गुरुवारी सुट्टी असलेल्या कारखान्यात बुधवारी संध्याकाळी आलेला माल नाहीतर उगाच ‘उशीर’ दाखवेल.